कळसूबाई: पुढे लेक, मागे आपण

दहावीची गडबड सुरू व्हायच्या आत थंडीतले दोन दिवस मोकळे काढा आणि वयात आलेल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन कळसूबाईला जा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. दोर लागत नाही, वाट मळलेली आहे, पण दम दोघांचाही निघतो. रतनगडावर, हरिश्चंद्रगडावर बघायला बरंच आहे. इथे मुख्य काम चढायचं. पायथ्याच्या बारी गावापासून माथा आठशे मीटरहून जास्त उंच आहे आणि वाट फारशी उसंत देत नाही. आईबाप आणि पोर यांना बरोबरीनं घाम गाळायला लावणारा डोंगर म्हणूनच मी हाच सुचवते.

आखणी पोराकडे द्या, नावापुरती नको. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घोटीमार्गे जीप, की घरची गाडी. पुण्याहून असाल तर संगमनेर, अकोले, राजूर. मुक्काम बारीत करायचा का, जेवण कुणाकडे सांगायचं, हे सगळे फोन त्यानंच करायचे. चार गोष्टी तुमच्या मनासारख्या होणार नाहीत, होऊ द्या. एक मात्र दोघांनी मिळून घरीच ठरवायचं: परत फिरायची वेळ. पहाटे साडेपाच-सहाला निघालात तर नऊ-साडेनऊपर्यंत माथ्यावर असाल. अकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे. वर गेल्यावर हे ठरत नाही. पोराला ‘आता थोडंच राहिलंय’ वाटतं आणि आपल्याला त्याचं मन मोडवत नाही.

बूट आठवडाभर आधी तपासा. या वयात पाय भराभर वाढतात, गेल्या वर्षीचे बूट आत गेले म्हणजे बसले असं नाही. बूट घालून इमारतीचा जिना उतरायला सांगा. अंगठा पुढे टेकत असेल तर तो बूट उतरणीवर नखं काळीनिळी करणार. नखंही कापलेली हवीत. जीन्स नको. माणशी तीन लिटर पाणी, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं आणि प्रत्येकाला वेगळी हेडटॉर्च. मोबाईलच्या उजेडावर पहाटेची चाल करू नका, एक हात त्यातच अडकतो. त्याची सॅक त्यालाच उचलू द्या.

गाव मागे पडलं की पोरं पळतात. पळू द्या, पण जिथे वाट फुटते तिथे आणि प्रत्येक शिडीखाली थांबायचं, हा नियम पक्का. दुसरा नियम सहसा कुणी सांगत नाही. पुढे गेलेलं पोर दगडावर बसून विश्रांती घेतं, तुम्ही धापा टाकत पोचता आणि तेवढ्यात ते उठून चालू लागतं. त्याचा आराम झालेला असतो, तुमचा सुरूही झालेला नसतो. म्हणून मागचा पोचला की दोघांनीही पाच मिनिटं बसायचं. बडबडणारं पोर गप्प झालं, तुटक बोलू लागलं, की ते रुसलेलं नसतं, बहुतेक वेळा भुकेलेलं असतं. काही न विचारता चिक्की पुढे करा.

मार्कांचा, क्लासचा विषय काढू नका. त्यापेक्षा कळसूची गोष्ट सांगा. लोककथा अशी, की कळसू नावाची कोळ्याची पोर एका पाटलाकडे कामाला राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी सगळं करीन, ही तिची अट. एकदा घरी पाहुणे आले आणि तिला तेच काम करावं लागलं. ती रागावून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. माझ्या मुलीनं ही गोष्ट ऐकल्यावर पुढचा सगळा चढ पाटलाची बाजू घेणं मला अशक्य करून सोडलं होतं.

लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाईल सॅकमध्ये. एका टप्प्यावरचा माणूस वर पोचल्यावरच दुसऱ्यानं पाय ठेवायचा. भीती वाटते हे या वयाची पोरं तोंडानं सांगत नाहीत, हात बघा. गजाभोवतीची बोटं पांढरी पडली असतील, पुढची पायरी दोनदा चाचपली जात असेल, तर खालून ओरडून धीर देऊ नका. चारचौघांत ते त्यांना सहन होत नाही. जवळ जाऊन हळू आवाजात ‘फक्त हाताकडे बघ’ एवढं पुरे. नको म्हणालं तर तिथूनच परत या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात आणि गज निसरडे असतात, पहिल्या खेपेला तो काळ टाळा. ढग गडगडू लागले तर शिड्यांच्या आसपासही थांबू नका.

शेवटच्या चढाआधी विहीर लागते, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. वारा घामेजल्या अंगाला झोंबतो, जर्किन तेव्हाच चढवा. कागदी नकाशा पोराच्या हातात द्या. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग; दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी आणि रतनगड. ओळखू द्या त्यालाच.

उतरताना पारडं फिरतं, आपले गुडघे बोलू लागतात. ‘मला काही होत नाही’ म्हणत रेटू नका. हात मागा, काठी मागा. पोर पुढे, एक-एक पायरी हळू. मुलं अशा वेळी विलक्षण जबाबदारीनं वागतात, पण मदत मागितली तरच.

बारीत सांगून ठेवलेलं पिठलं-भाकरी वेळेवर जेवा आणि त्या घरानं सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. आपला कचरा शहरात परत न्या. पुढचा डोंगर पोरालाच निवडू द्या. विचारलंच तर रतनवाडीहून रतनगड सुचवा: पायथ्याला अमृतेश्वराचं मंदिर, वर आरपार नेढं. फक्त जंगलातून वाट आहे, तेव्हा गावातला वाटाड्या बरोबर घ्या.