जुनी मोटार, नवा ब्रेक आणि माळशेजचा उतार

ओतूरकडून कल्याणच्या रस्त्याने निघाले की मढ गावाजवळ पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागते. ते मागे पडल्यावर थोड्याच वेळात माळशेज घाट सुरू होतो. येथे रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरून कोकणाकडे, मुरबाड तालुक्यात उतरतो. हा घाट चढताना मोटारीच्या इंजिनाची परीक्षा होते, तर उतरताना तिच्या ब्रेकची.

आता या घाटातून एक जुनी 'प्रीमियर पद्मिनी' उतरते आहे अशी कल्पना करा. ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मूळची ती इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची गाडी. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती वर्षानुवर्षे धावली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्या कामातून निवृत्त झाली. परंतु हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. या जुन्या गाड्यांचा ब्रेक दाबायला पायात चांगलाच जोर लागतो. नव्या गाडीची सवय झालेला चालक तर चकितच होतो. म्हणून काही मालक आपल्या जुन्या गाडीला 'पॉवर ब्रेक', म्हणजे शक्तीची जोड असलेला ब्रेक, बसवून घेतात.

ही जोड काय करते? आणि तितकेच महत्त्वाचे, काय करीत नाही? हे समजून घ्यायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

पायापासून चाकापर्यंत

ब्रेकचे पायडल ही एक तरफ आहे. पायडलचा पाय ठेवण्याचा भाग टेकूपासून दूर असतो, तर पुढे जोर देणारा दांडा टेकूच्या जवळ असतो. समजा, हे प्रमाण ५ ला १ आहे. पायाने ३० किलोग्रॅम-भार इतका जोर दिला, तर दांड्यावर १५० किलोग्रॅम-भार मिळतो.

हा दांडा मुख्य सिलिंडरातील दट्ट्या ढकलतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरले, तर ब्रेक ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅम-भार दाब पडतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल याने सतराव्या शतकात सांगितलेला नियम तुम्हांला ठाऊक आहेच : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. त्यामुळे नळ्यांतून हाच दाब चारही चाकांपर्यंत जातो. चाकाजवळच्या प्रत्येक दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर तो २०० किलोग्रॅम-भाराने ब्रेक शूला ड्रमवर आतून दाबतो. पायाचे ३० झाले २०० आणि तेही आठ ठिकाणी, कारण चार चाकांत प्रत्येकी दोन शू असतात.

याच तत्त्वावर इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये द्रवदाब यंत्र बनवले होते. मोटारीच्या चारही चाकांना असा ब्रेक मिळाला तो पुढे, १९२१ मध्ये, अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत.

मग आणखी जोर का घेऊ नये?

तुम्ही म्हणाल, "तरफ आणखी लांब करा किंवा मुख्य दट्ट्या आणखी बारीक करा. मग तीन किलोचा जोरही पुरेल!" पण निसर्ग हिशेबाला पक्का आहे. जोर जितका वाढतो, तितके अंतर कमी होते.

आपलेच उदाहरण घ्या. पायडल १५ सेंटिमीटर खाली गेले, तर दांडा सरकतो ३ सेंटिमीटर. मुख्य दट्ट्या ३ × ३ = ९ घन सेंटिमीटर तेल ढकलतो. ते आठ दट्ट्यांत वाटले जाते. आठांचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस सेंटिमीटर. ९ ला ३२ ने भागले, तर उत्तर येते ०·२८ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक शू जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो! एवढ्यातच शू आणि ड्रम यांमधली फट भरून काढायची असते. पायाचा जोर आणखी वाचवायला गेलो, तर शू ड्रमला टेकण्यापूर्वीच पायडल गाडीच्या तळाला टेकेल.

तरफ आणि दट्ट्ये नवी ऊर्जा निर्माण करीत नाहीत. चालकाच्या पायाचे काम कमी करायचे, तर ते काम दुसऱ्या कोणाकडून तरी करवून घेतले पाहिजे. हा दुसरा कोणी म्हणजे मोटारीचे इंजीन.

हवेची मदत

बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र याने १९२७ च्या सुमारास एक युक्ती प्रचारात आणली. पेट्रोल इंजीन हवा आत ओढत असते. त्याच्या हवा ओढण्याच्या नळीत, विशेषतः पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना, दाब बराच कमी असतो. ही नळी एका पत्र्याच्या डब्याला जोडतात. डब्यात मध्ये रबरी पडदा असतो. ब्रेक दाबला नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच कमी दाब असतो. ब्रेक दाबताच एक झडप उघडते व एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते. ही हवा पडद्याला पुढे ढकलते आणि पडदा दांड्याला ढकलतो.

पडद्याचा व्यास १८ सेंटिमीटर असला, तर क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर होते. दोन्ही बाजूंच्या दाबांत दर चौरस सेंटिमीटरला ०·६ किलोग्रॅम-भाराचा फरक धरला, तर १५० किलोग्रॅम-भार जोर मिळू शकतो. म्हणजे आपल्या पायाने जे १५० मिळवले, तेवढे ही साधी हवा देऊ शकते. जुन्नर साधारण ७०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी असतो. म्हणून हा जोर मुंबईपेक्षा जुन्नरला किंचित कमी मिळेल.

तेलाची मदत

डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या हवेच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखा पडदा नसतो. हवा मोकळेपणी आत येते, म्हणून तेथे उपयोगी पडेल इतका कमी दाब तयार होत नाही. अशा गाडीला हवा उपसणारा वेगळा पंप तरी लावतात, नाही तर तेलाच्या दाबाची मदत घेतात.

तेलाच्या पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. पुष्कळदा स्टिअरिंग हलके करणारा पंपच हे काम करतो. पायडल दाबले की झडप सरकते आणि दाबाखालचे तेल एका लहान सिलिंडरात शिरते. दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅम-भार आणि दट्ट्या फक्त ४ चौरस सेंटिमीटरचा असला, तरी १६० किलोग्रॅम-भार मिळतो. जे काम करायला हवेला जेवणाच्या ताटाएवढा पडदा लागला, ते तेल एका रुपयाच्या नाण्याएवढ्या दट्ट्याने करते! इंजिनाशेजारी जागा अपुरी असेल तेथे हा मोठाच फायदा आहे. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९७० नंतरच्या दशकात 'हायड्रो-बूस्ट' या नावाने ही रचना प्रचारात आणली.

येथे एक सावधगिरी हवी. पंपाचे तेल वेगळे आणि ब्रेक ऑइल वेगळे. दोन्ही कधीही एकमेकांत मिसळता कामा नयेत. पंपाचे खनिज तेल ब्रेकच्या रबरी वायसरांना फुगवून निकामी करते.

जोड काय करीत नाही

आता खरा मुद्दा. पायाला ३० ऐवजी १० किलोग्रॅम-भार द्यावे लागले, म्हणून गाडी तीनपट लवकर थांबते का? नाही! गाडीला शेवटी थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधले घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०·७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे २० मीटरवर थांबते. पावसात तोच ०·४ झाला, तर ३५ मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय पायडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर जातात ते वेगळेच. ब्रेकला जोड असो वा नसो, हे आकडे बदलत नाहीत. उलट, हलक्या पायडलवर जुन्या सवयीचा जोराचा पाय पडला, तर चाके एकदम जखडतात आणि गाडी घसरते.

दुसरी मर्यादा उष्णतेची आहे. चार माणसे बसलेल्या गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम आणि उतार हिशेबापुरता ५०० मीटर धरा. तिची स्थितिज ऊर्जा १,२०० × ९·८ × ५००, म्हणजे सुमारे ५९ लाख जूल इतकी कमी होते. खोलीतल्या तपमानाचे सुमारे १९ लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते! ती सारी ब्रेकवर लोटली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ३५ वेळा थांबवण्याइतके काम ब्रेकला लागोपाठ करावे लागेल. चार ड्रमांचे मिळून २५ किलोग्रॅम लोखंड धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर त्यांचे तपमान ५०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीचशी उष्णता घेऊन जातो. तरीही ड्रम तापून प्रसरण पावतात, लायनरची पकड ढिली पडते आणि ब्रेक 'लागेनासा' होतो.

त्यात ब्रेक ऑइल जुने असेल तर आणखीच धोका. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी शोषल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पायडल दाबूनही चाकाशी दाब पोचत नाही. यावर पॉवर ब्रेकचा काहीही इलाज चालत नाही.

इंजीन बंद करून उतरणे

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजीन बंद करून किंवा न्यूट्रलला टाकून गाडी सोडून देण्याची सवय अनेकांना असते. जोड नसलेल्या जुन्या गाडीतही हे वाईटच, कारण गिअरमध्ये असलेले इंजीन उतारावर गाडीला मागे खेचून ब्रेकचा बराच भार हलका करते. जोड बसवलेल्या गाडीत मात्र इंजीन बंद करणे जिवावर बेतू शकते. इंजीन थांबले की हवेची ओढही थांबते आणि तेलाचा पंपही. डब्यातल्या किंवा तेलाच्या साठवणीतल्या शिल्लक दाबावर ब्रेक दोन-तीनदा हलका लागतो. त्यानंतर सारा जोर पायालाच द्यावा लागतो, आणि तोही अचानक, वळणावर! म्हणून जुन्या चालकांचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

आधी काय, मग काय

जुन्या गाडीला शक्तीची जोड देण्यापूर्वी तिचे ब्रेक मुळात धड आहेत की नाहीत, हे तपासले पाहिजे. लायनर, ड्रम, रबरी नळ्या आणि ताजे ब्रेक ऑइल हा पहिला क्रम. जुन्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जात. दोन स्वतंत्र मार्गांचा मुख्य सिलिंडर ही दुसरी पायरी. शक्तीची जोड तिसरी. जोडीमुळे तेलाचा दाब वाढतो, म्हणून कुजकी नळी आधीपेक्षा लवकर फुटते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे आणि परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनातील फेरबदलांवर बंधने घातली आहेत.

करून पाहा

१. सुया काढलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, पाण्याने भरून रबरी नळीने जोडा. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबा आणि मित्राला मोठीचा दट्ट्या अडवायला सांगा. कोण जिंकतो? कोणाचा दट्ट्या जास्त सरकतो? आता नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवून तेच करा.

२. घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या चालकाला विनंती करा. सपाट जागी, हातब्रेक ओढून व गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजीन बंद असताना त्यांनी ब्रेक चार-पाच वेळा दाबावा. शेवटी पाय दाबूनच ठेवून इंजीन सुरू करावे. पायडल पायाखाली किंचित खाली गेले, तर शक्तीची जोड काम करते आहे. ते खाली का जाते, याचे कारण वहीत लिहा.

३. माल भरलेल्या १६,००० किलोग्रॅमच्या ट्रकसाठी ५०० मीटर उताराचा हिशेब करा. किती लिटर पाणी उकळेल? मग घाटाच्या तोंडाशी 'लहान गिअर वापरा' अशी पाटी का लावतात, ते घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा.