परक्या घरी मूल सांभाळायला निघण्यापूर्वी

आपल्या समाजातल्या कितीतरी आजी-मावश्यांनी परिचारिका आणि शिक्षिका म्हणून दुसऱ्यांची मुले सांभाळली. आता त्यांची एखादी नात 'ओ पेअर' म्हणून अमेरिकेला जाण्याचा विचार करते. तेव्हा घरात व्हिसा, तिकीट आणि बॅगेचे वजन यांची पुष्कळ चर्चा होते. आरोग्याची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते आणि तीही औषधांच्या पुडीपुरती. या वेळच्या लेखात आपण ही तयारी क्रमाने पाहू.

ओ पेअर म्हणजे कोण?

हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. मुलगी यजमान कुटुंबात राहते, त्यांची मुले सांभाळते आणि थोडे शिक्षणही घेते. अमेरिकेत हा कार्यक्रम १९८६ साली सुरू झाला. तो जे-१ व्हिसावर चालतो आणि त्यावर परराष्ट्र खात्याची देखरेख असते. वय १८ ते २६, शालेय शिक्षण पूर्ण, इंग्रजी बोलता येणे आणि वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होणे या त्याच्या मुख्य अटी आहेत. मुलींना पाठवण्याचे काम मान्यताप्राप्त संस्थाच करू शकतात. प्रत्येक संस्था प्रत्येक देशातून मुली घेत नाही. म्हणून कोणालाही पैसे देण्यापूर्वी ती संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि भारतातून मुली घेते का, हे आधी विचारावे.

सहा महिने आधी: स्वतःचे शरीर

लसींपासून सुरुवात करा. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या दोन-दोन मात्रा झाल्या आहेत का, हे जुन्या कार्डावर पाहा. कार्ड हरवले असेल तर डॉक्टरांशी बोलून लसी पुन्हा घ्या आणि तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. डांग्या खोकल्याची लस विसरू नका. तो खोकला मोठ्यांना नुसता सतावतो, पण दोन महिन्यांच्या बाळाचा जीव घेऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून त्याला सांभाळणारीने ती घ्यावी.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजी दिलेली असते. त्यामुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी कधीकधी उगाचच सकारात्मक येते. रक्ताच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तेव्हा घाबरून न जाता ती चाचणी मागावी.

हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर उपचार इथेच सुरू करा. दिवसभर बाळ कडेवर घेऊन जिने चढायचे असतील तर अंगात रक्त हवे. दात आणि डोळेही इथेच तपासून घ्या, कारण विम्यात सहसा ते येत नाहीत.

विमा वाचून घ्या

जे-१ व्हिसावर विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातासाठी तो किमान १ लाख डॉलरचा असावा लागतो. पहिली काही रक्कम आपल्याला भरावी लागते. ती ५०० डॉलरहून अधिक नसावी. 'आधीपासूनचा आजार' या कलमाखाली दमा, थायरॉइड, पाळीचे विकार बहुधा वगळलेले असतात. ते कलम दोनदा वाचा. आजार लपवू नका. लपवलेल्या आजाराचे बिल शेवटी आपल्याच गळ्यात पडते. साध्या तापासाठी 'अर्जंट केअर' दवाखान्यात जावे. रुग्णालयातील आपत्कालीन विभाग कितीतरी पट महाग पडतो.

रोजची औषधे तीन महिन्यांपर्यंतची, मूळ वेष्टनात आणि इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे, कंपनीचे नव्हे. आपले पॅरासिटामॉल तिथे 'असेटामिनोफेन' या नावाने मिळते. इथे सहज मिळणाऱ्या निमेसुलाइडला तिथे मान्यता नाही.

आपली पद्धत आणि तिथली पद्धत

आजीने शिकवलेले मायेने शिकवलेले असते, पण परक्या बाळावर ते करून पाहू नये. पुढील गोष्टी पाठच कराव्यात.

१. बाळाला पाठीवरच झोपवावे. पलंगात उशी, गोधडी, खेळणी नकोत. १९९० च्या दशकात अमेरिकेत ही सवय रुजली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

२. एक वर्षाच्या आत मध नको, चाटणातही नको. त्यातून बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते. घुटी, ग्राइप वॉटर, काजळ हेही नको. पारंपरिक काजळ-सुरम्यात शिसे आढळलेले आहे.

३. औषध आई-वडिलांनी लिहून दिल्याशिवाय देऊ नये. ते चमच्याने नव्हे, मिलिलिटरच्या पिचकारीने मोजून द्यावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नये.

४. तिथे ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश वा त्याहून अधिक ताप आला, तर लगेच आई-वडिलांना व डॉक्टरांना कळवावे.

५. अख्खी द्राक्षे, दाणे आणि सॉसेजचे गोल तुकडे लहान मुलाच्या घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत.

६. एक ते चार वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण बुडणे हे आहे. टबात वा तलावाजवळ मूल असताना फोन हातात घेऊ नये.

७. गाडीत मूल मांडीवर घेऊ नये. अगदी जवळ जायचे असले तरी त्याच्या खुर्चीतच बसवावे.

संस्था कामापूर्वी बालसुरक्षेचे किमान ८ तास व बालविकासाचे २४ तास प्रशिक्षण देते. तरीही कृत्रिम श्वास व प्रथमोपचाराचा वर्ग इथेच करून जावा. घशात काही अडकलेल्या एक वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब देतात, पोट दाबत नाहीत. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो.

विश्रांती हा औषधाचाच भाग

नियमाप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त १० तास आणि आठवड्याला ४५ तास काम. आठवड्यात दीड दिवस सुटी, महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार मोकळा, वर्षात दोन आठवड्यांची पगारी रजा आणि स्वतंत्र खोली. किमान भत्ता आठवड्याला १९५.७५ डॉलर. काही राज्यांत तो जास्त असतो. काम मुलांपुरतेच. साऱ्या घराची धुणीभांडी त्यात येत नाहीत.

आपल्या मुली 'एवढेसे काय' म्हणून जादा काम अंगावर घेतात. इथे मात्र हा प्रश्न भिडेचा नाही. न झोपलेल्या मुलीच्या हातून औषधाची मात्रा चुकते, तलावावरची नजर हटते. रडणाऱ्या बाळाला वैतागून जोराने हलवले तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी बाळाला त्याच्या पलंगात पाठीवर ठेवावे, दार ओढून दोन मिनिटे बाहेर उभे राहावे, पाणी प्यावे आणि आईला फोन करावा. यात कसलीही लाज नाही. कामाचे तास वहीत रोज लिहावेत.

शब्बाथ, आपले खाणे आणि किप्पूरचा उपवास यांविषयी यजमानांशी पहिल्याच मुलाखतीत बोलावे. पाण्याशिवायच्या उपवासात दिवसभर तान्हे बाळ एकटीने सांभाळणे ना तुमच्या हिताचे, ना बाळाच्या. तो दिवस सुटीत आधीच मागून घ्यावा.

मन खचले तर

पहिले दोन-तीन महिने घरची आठवण येणारच. उत्तरेकडे हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधार पडतो, त्याने मन आणखी उदास होते. झोप उडाली, जेवण तुटले, सारखे रडू येऊ लागले तर वाट पाहू नका. संस्थेची स्थानिक समन्वयक पहिल्या ४८ तासांत संपर्क साधते आणि पुढे दर महिन्याला चौकशी करते. तिला खरे सांगा. घर जुळत नसेल तर दुसरे कुटुंब मागता येते.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, 'सांभाळून ठेवतो' म्हणून कोणी मागितला तरी देऊ नये. हे आकडे फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या: तातडीच्या मदतीसाठी ९११, विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२, मन फार खचल्यास ९८८, जे-१ व्हिसाधारकांच्या अडचणींसाठी १-८६६-२८३-९०९०.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. मुलगी फोनवर 'मला जमत नाही' म्हणाली, तर 'लोक काय म्हणतील' हे तिला ऐकवू नका. आधी विचारा, जेवलीस का, काल रात्री झोप किती झाली? परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा आणि ते ठेवले आहेत हे तिला निघण्यापूर्वीच सांगा. परतीची वाट मोकळी आहे हे ठाऊक असलेली मुलगी तिथे अधिक निर्धास्तपणे राहते, आणि तिच्या हाती सोपवलेले मूलही सुरक्षित राहते.