निवडीचा हक्क

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या गावात साखरेचे एकच दुकान आहे. तुम्ही एक किलो साखर घ्यायला गेलात. दुकानदाराने साखरेच्या पिशवीतच चहाची एक पुडी घातली आणि तो म्हणाला, "चहाचे पैसे नकोत." तुम्ही खूश झालात. पण त्याच गल्लीत एक माणूस फक्त चहा विकत असे. त्याचा चहा चांगला होता; पण आता त्याच्या दुकानाची पायरी कोण चढणार? काही महिन्यांनी त्याचे दुकान बंद पडले. पुढे साखरवाल्याने हलका चहा द्यायला सुरुवात केली, तर तुम्ही कोणाकडे जाल?

ही गोष्ट कल्पनेतली आहे. परंतु संगणकाच्या जगात जवळजवळ अशीच घटना खरोखर घडली. ती समजण्यासाठी आधी दोन शब्द समजून घेऊ. संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता डबा. इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला 'ब्राउझर' म्हणतात. आपल्या गोष्टीतील साखर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि चहा म्हणजे ब्राउझर.

1994 साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीने 'नेव्हिगेटर' नावाचा ब्राउझर आणला. तो लवकरच लोकप्रिय झाला. त्या काळी बहुतेक घरगुती संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' ही ऑपरेटिंग सिस्टिम असे. मायक्रोसॉफ्टने 1995 साली 'इंटरनेट एक्सप्लोरर' हा स्वतःचा ब्राउझर काढला आणि पुढे तो विंडोजबरोबरच फुकट द्यायला सुरुवात केली. न्यायाने बोलायचे तर यात लोकांची सोयही झाली. संगणक सुरू केला, की ब्राउझर तयार! पण जे आयते मिळते ते सोडून दुसरे शोधायला किती लोक जातात? नेटस्केपचे ग्राहक कमी होत गेले.

मे 1998 मध्ये अमेरिकेचे सरकार आणि तेथील अनेक राज्ये न्यायालयात गेली. मायक्रोसॉफ्ट आपल्या मक्तेदारीचा गैरवापर करते, असा त्यांचा आरोप होता. मक्तेदारी म्हणजे उर्दूत आपण जिला इजारादारी म्हणतो ती. कंपनीचे म्हणणे असे, की ब्राउझर हा विंडोजचाच भाग आहे, तो वेगळा काढता येणार नाही. जून 2000 मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन भाग करण्याचा हुकूम दिला. 2001 साली वरिष्ठ न्यायालयाने कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी कायदा मोडल्याचे मान्य केले. पण दोन भाग करण्याचा हुकूम मात्र रद्द केला. तोपर्यंत नेटस्केप फार मागे पडली होती.

यानंतर हा वाद युरोपात पोहोचला. नॉर्वे देशातील ऑपेरा ही कंपनीही ब्राउझर तयार करत असे. तिने डिसेंबर 2007 मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. येथे एक गंमत लक्षात ठेवा. उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. शब्द एकच, पण अर्थ वेगळा. युरोपीय आयोग ही युरोपीय संघाचा कारभार पाहणारी संस्था आहे. जानेवारी 2009 मध्ये आयोगाने कंपनीला कळवले, की विंडोजला ब्राउझर असा बांधून देणे आम्हांला प्राथमिक पाहणीत बेकायदेशीर वाटते.

तेव्हा विंडोजची सातवी आवृत्ती बाजारात येणार होती. जून 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की युरोपात आम्ही ही आवृत्ती ब्राउझरशिवाय विकू. तिचे नाव ठेवले 'विंडोज 7 ई'. वरवर पाहता वाद मिटला. पण मुलांनो, जरा विचार करा. संगणकावर एकही ब्राउझर नसेल, तर इंटरनेटवरून दुसरा ब्राउझर आणायचा कसा? विहिरीतून पाणी काढायला पोहरा हवा आणि पोहरा तर विहिरीच्या तळाशी! संगणक बनवणारे आपल्या पसंतीचा ब्राउझर घालतील, किंवा तो सीडीवर मिळेल, असे उपाय होते. पण दुकानातून फक्त विंडोज विकत घेणाऱ्याची अडचण होणारच होती.

आयोगाचेही समाधान झाले नाही. ग्राहकांना जास्त पर्याय मिळावेत असे आयोगाला वाटत होते. येथे तर हातातला पर्यायही जात होता. शिवाय आयोगाला एक जुना अनुभव होता. 2004 साली त्याने मायक्रोसॉफ्टला गाणी-चित्रपट चालवणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय विंडोज विकायला लावले होते. किंमत तीच आणि वस्तू कमी, म्हणून ती आवृत्ती फारच थोड्या लोकांनी घेतली.

शेवटी वेगळा मार्ग निघाला. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज 7 ई' विकण्याचा बेत सोडला. डिसेंबर 2009 मध्ये तडजोड झाली आणि मार्च 2010 पासून युरोपातील विंडोज वापरणाऱ्यांना पडद्यावर निवडीचे एक पान दिसू लागले. त्यावर बारा ब्राउझरांची नावे होती. एकच नाव नेहमी पहिले येऊ नये म्हणून त्यांचा क्रम बदलत असे. चहाची पुडी काढून घेतली नाही, उलट सगळ्यांच्या पुड्या समोर मांडल्या आणि ग्राहकाला सांगितले, "आता तू निवड."

पण वचन देणे सोपे, पाळणे कठीण. मे 2011 पासून जुलै 2012 पर्यंत लाखो संगणकांवर हे पान दिसलेच नाही. कंपनीने ही तांत्रिक चूक असल्याचे सांगून माफी मागितली. तरीही मार्च 2013 मध्ये आयोगाने तिला 56 कोटी 10 लाख युरोंचा दंड केला.

2022 साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला. प्रश्न मात्र संपला नाही, तो मोबाइल फोनमध्ये आला. म्हणून मार्च 2024 पासून युरोपीय संघात मोबाइल फोनवरही असे निवडीचे पान दाखवण्याचा नियम मोठ्या कंपन्यांना लागू झाला.

मुलांनो, वस्तू लादणे ही जशी सक्ती, तशी ती काढून घेऊन माणसाला अडचणीत टाकणे हाही काही न्याय नव्हे. माणसाला सगळे पर्याय दिसावेत आणि त्यांतून त्याने स्वतः निवड करावी, हाच खरा हक्क. आज घरी गेल्यावर घरातला फोन किंवा शाळेतला संगणक पाहा आणि स्वतःला विचारा : यातला ब्राउझर कोणी निवडला? मी, की दुसऱ्या कोणी?

शब्दार्थ
आवृत्ती – वस्तूचे नवे रूप. पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे. तडजोड – समझोता. सक्ती – जबरदस्ती. लादणे – इच्छा नसताना देणे.

स्वाध्याय
1. 'विंडोज 7 ई' मुळे ग्राहकाची कोणती अडचण होणार होती?
2. निवडीच्या पानावर नावांचा क्रम का बदलत असे?
3. फुकट मिळणाऱ्या वस्तूमुळे कोणाचे नुकसान होऊ शकते? पाच-सहा वाक्यांत लिहा.
4. मराठी व उर्दू दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द पाठातून शोधा.