ग्रामविकास आणि स्त्रीचे शिक्षण
(जामखेडच्या प्रयोगातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध)

१. विषयप्रवेश

खेड्यातील शाळेचे सभा-इतिवृत्त उघडून पाहिले, तर त्यात मातांच्या सह्या व अंगठे पुष्कळ आढळतात. परंतु त्यांपैकी कोणती माता काय बोलली, ह्याची नोंद क्वचितच सापडते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर ग्रामपंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या गेल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. स्त्रीला आसन मिळाले. त्या आसनावरून बोलण्याचे बळ तिला मिळाले काय, हा प्रश्न मात्र उरतोच. हे बळ कायद्याने देता येत नाही. ते शिक्षणानेच येते. म्हणून ह्या कार्याचा काही भाग शिक्षकाच्या वाट्यास येतो.

२. पूर्वीच्या प्रयत्नांतील उणीव

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला. शेती, रस्ते, आरोग्य व शिक्षण ह्यांचा एकत्र विचार करून गावाने स्वतःच्या प्रयत्नाने पुढे यावे, हा तिचा हेतू होता. स्त्रियांसाठी ग्रामसेविका नेमल्या गेल्या व महिला मंडळे निघाली. तेथे शिवणकाम, पाकक्रिया, बालसंगोपन हे विषय प्रामुख्याने शिकविले जात. हे शिक्षण निरुपयोगी होते असे नव्हे. परंतु स्त्री ही केवळ गृहिणी आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. गावाची विहीर कोठे खणावी, सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा, ह्या प्रश्नांशी तिचा संबंध जोडला गेला नाही. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर दोन स्त्रिया स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात असे सुचविले, ते स्त्रिया व मुले ह्यांच्या कार्याची आवड असणाऱ्या म्हणून. गावाच्या साऱ्याच कारभारात स्त्रीला मत असू शकते, ही कल्पना रुजण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली.

३. जामखेडचा प्रयोग

ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या प्रयोगांत जामखेडचे स्थान मोठे आहे. पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हा तालुका अवर्षणप्रवण आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० मध्ये येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी ह्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. बहुतेक मृत्यूंची कारणे साधी व टाळता येण्याजोगी होती : अस्वच्छ प्रसूती, जुलाब, अपुरा आहार, दूषित पाणी.

आरंभी प्रकल्पाने शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठविले; परंतु त्या तरुण मुली गावाला परक्या होत्या. त्यांना एकटीने राहणे कठीण वाटे व गावातील बायकाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा निराळा मार्ग शोधला गेला. गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी व तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रिया बहुधा प्रौढ व संसारी होत्या. पुष्कळ जणी निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. ज्यांना कोणी काही शिकविण्याच्या योग्यतेचे मानले नव्हते, त्यांच्यावरच गावाच्या आरोग्याची जबाबदारी सोपविण्यात आली.

गावाने त्यांना लगेच मानले नाही. कालपर्यंत मोलमजुरी करणारी बाई आज आपल्याला काय शिकविणार, असा लोकांचा प्रश्न होता. परंतु एखादी अवघड बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोहोचली, एखादे जुलाबाने कोमेजलेले मूल वाचले, म्हणजे विश्वासाचा एक दुवा जोडला जाई. १९७६ पर्यंत ह्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ पर्यंत खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गावाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की, जिचे नाव कोणी विचारीत नव्हते, तिच्या दारी रात्री-अपरात्री लोक सल्ल्यासाठी येऊ लागले.

ह्या कार्यात पुरुषांना वगळलेले नव्हते. गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे निघाली व त्यांच्या जोडीला महिला मंडळे उभी राहिली. पाण्यासाठी कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह प्रकल्पाने धरला. त्यामुळे साऱ्या गावाला तेथेच पाण्यासाठी यावे लागले. जातिभेदावर व्याख्यान देण्यापेक्षा ह्या एका कृतीने अधिक शिक्षण झाले.

४. शिकविण्याची रीत

जामखेडला ह्या स्त्रियांना जे शिकविले गेले, त्याइतकीच ते शिकविण्याची रीत शिक्षकाने अभ्यासण्यासारखी आहे.

(अ) आत्मविश्वास प्रथम. स्वतःची ओळख सांगताना स्त्रिया गावाचे, जातीचे किंवा पतीचे नाव सांगत. म्हणून आपले स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला. जी आपले नाव उच्चारू शकत नाही, ती सभेत आपले मत कसे मांडील?

(आ) थोडे शिकणे व लगेच वापरणे. स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला येत, मुक्काम करीत व परत जात. एका वेळी एकच विषय घेतला जाई. शिकलेली गोष्ट त्या आठवडाभर गावात वापरीत व पुढच्या खेपेस आलेल्या अडचणी मांडीत.

(इ) अनुभवापासून आरंभ. पाठाची सुरुवात पुस्तकाने न होता, आठवड्यात गावात काय पाहिले ह्या प्रश्नाने होई. चित्रे, गाणी व संवाद ही साधने होती. निरक्षरता ही अज्ञानाची खूण मानली गेली नाही.

(ई) सहजीवन. निरनिराळ्या जातींच्या ह्या स्त्रिया एकत्र जेवत व एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. समतेचा पाठ त्यांनी आधी आचरणात आणला आणि मग गावात नेला.

५. मातासभेसाठी नमुना पाठ

विषय : मुलाचे जुलाब.
साहित्य : तळाशी भोक पाडलेले लहान मडके, पाणी, तांब्या, चहाचा चमचा, साखर, मीठ.

प्रथम शिक्षकाने विचारावे : मुलाला जुलाब झाले असता घरी काय करतात? पाणी तोडतात काय? का तोडतात? उत्तरांची चेष्टा करू नये वा ती लगेच खोडूही नयेत.

नंतर मडक्यात पाणी ओतावे. भोकातून ते गळून मडके रिकामे होते, हे मातांनीच सांगावे. मडके भरलेले ठेवण्यासाठी काय करावे, असे विचारावे. गळते तितके वरून घालीत राहावे लागते, हे उत्तर त्यांच्याकडूनच येईल. मुलाच्या शरीराचेही असेच आहे. जुलाबात पाणी तोडले तर मूल शुष्क होते व त्यातच दगावते.

त्यानंतर एका मातेने सर्वांसमोर जलसंजीवनी तयार करावी. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चव आसवांहून खारट असता कामा नये. हे पाणी थोडे थोडे, वारंवार पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवावा. आरोग्य केंद्रात मिळणारी तयार पुडी उपलब्ध असल्यास तीच वापरणे अधिक चांगले. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, मूल निपचित पडणे, पाणी न पिणे किंवा शौचावाटे रक्त पडणे, ह्यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

शेवटी प्रत्येक मातेने शेजारच्या दोन घरी हे करून दाखवावे व पुढील सभेत अनुभव सांगावा. हा शेवटचा भाग वगळू नये; कारण शिकलेली स्त्री दुसरीला शिकवू लागते, तेव्हाच तिचे शिक्षण पुरे होते. ह्याच सभेत पुढचा प्रश्न आपोआप निघतो : गावात जुलाब का होतात? पाणी कोठून येते? ते शुद्ध ठेवण्याचे काम कोणाचे? येथे आरोग्याचा पाठ ग्रामकारभाराचा पाठ होतो.

६. शिक्षकाने घ्यावयाची दक्षता

सभेची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. सुगीच्या दिवसांत दुपारची सभा म्हणजे मजुरी बुडविणे होय. सभेपुढील विषय आधी घरोघरी कळवावेत आणि सभेत वाचून समजावून द्यावेत. न समजलेल्या ठरावावर कोणाचीही सही अथवा अंगठा घेऊ नये. स्त्रियांना मागे बसवू नये. आरंभी एखादी स्त्री अडखळली, तर वाक्य तिच्यासाठी शिक्षकाने पुरे करू नये; थोडे थांबावे.

महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे. मातासभेत निघालेला पाण्याचा किंवा शाळेच्या शौचालयाचा प्रश्न त्या सभेत मांडण्यास मातांना उत्तेजन द्यावे. मांडणी त्यांनीच करावी. शिक्षकाने अर्ज लिहिण्यास हवे तर साहाय्य करावे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. घरकाम व शेतमजुरी ह्यांवर विकासाच्या नावाने तिसरे ओझे स्त्रीच्या माथी लादले जाऊ नये. शाळेतही मुलींनी झाडावे व मुलांनी फळा पुसावा, अशी वाटणी असेल, तर मातासभेतील उपदेश फोल ठरेल. मुलगे घरी पाणी भरू लागले, तर त्यांच्या मातेस सभेला येण्यास सवड मिळेल.

७. गटचर्चेसाठी प्रश्न व उपक्रम

(१) आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मागील तीन सभांत किती स्त्रिया उपस्थित होत्या व किती बोलल्या? नोंद काढा.
(२) जामखेडला शिकलेल्या परिचारिकांपेक्षा गावातील निरक्षर स्त्रिया अधिक यशस्वी का झाल्या? कारणे लिहा.
(३) वरील नमुन्याप्रमाणे रक्तक्षय अथवा मुलींची शाळागळती ह्या विषयावर मातासभेचा पाठ तयार करा.
(४) पुढील सभेच्या इतिवृत्तात प्रत्येक मातेचे म्हणणे तिच्या स्वतःच्या नावापुढे लिहा व ते सभा संपण्यापूर्वी तिला वाचून दाखवा.