सहा महिन्यांचं इंजेक्शन हाडांत नेमकं काय करतं?

प्रश्न : आईचं वय ६८. हाडं ठिसूळ झाल्यामुळे डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलंय. कॅल्शियम चालू असताना त्याची गरज काय? दोन डोस झालेत. आता थांबवलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कॅल्शियम हा हाडाचा कच्चा माल. हाड बांधायचं की झिजवायचं, हे मात्र पेशींना मिळणाऱ्या संदेशांवर ठरतं आणि ते संदेश रिसेप्टर स्वीकारतात. जुनं हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी ज्या पेशींपासून बनतात, त्यांच्यावर ‘रँक’ हा रिसेप्टर असतो. हाडातल्याच इतर पेशींनी बनवलेलं ‘रँक-लायगंड’ हे प्रथिन त्याला चिकटलं, की ऑस्टिओक्लास्ट तयार होऊन कामाला लागतात. त्यांना आवर घालण्यासाठी शरीर ऑस्टिओप्रोटेजेरिन सोडतं. ते रँक-लायगंडला वाटेतच पकडतं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं, रँक-लायगंडचा जोर वाढतो आणि झीज भरपाईच्या पुढे जाते. डेनोसुमॅबही रँक-लायगंडलाच अडवतं.

पण औषधाचा असर उतरला, की दबलेली झीज उसळते आणि मणक्यांची एकाहून अधिक फ्रॅक्चर होऊ शकतात. म्हणून डोस लांबवू नका, परस्पर थांबवू तर नकाच. बंद करायचं झालं, तर डॉक्टर सहसा पुढे बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध देतात. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास तो डॉक्टरांना आणि दात काढण्यापूर्वी हे इंजेक्शन चालू असल्याचं दंतवैद्यांना जरूर सांगा.