मशीन विकत घेण्याआधी मशीनचे तास घ्या : सातारा-सांगलीत सुतारकामासाठी वर्कशॉप कसं शोधायचं

"सर, लाकडी वस्तूंचा धंदा करायचाय, मशीनसाठी किती लोन मिळेल?" कराड, विटा, तासगावकडच्या मुलामुलींचा हा हमखास प्रश्न. माझा उलटा प्रश्न असतो : महिन्याला मशीन चालणार किती तास?

जरा हिशोब करू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. टेबल कटर, रंधा मशीन आणि बाकी सामान मिळून अडीच लाख धरा. 11 टक्क्यांनी 3 वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता साधारण 8,200. गाळ्याचं भाडं 5,000. म्हणजे एकही फळी कापायच्या आधी 13,200 रुपये गेले. तेच दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तासाला 200 रुपये दिले, तर एवढ्या पैशात 66 तास मिळतात. सुरुवातीला मसाल्याचे डबे, चौरंग, फोटोफ्रेम बनवणाऱ्याला 20 तास लागले तरी खूप झाले. मशीनवरचं काम पटकन उरकतं; घासणं, जोडणं आणि पॉलिश यातच दिवस जातो, आणि ते घरच्या पडवीतही होतं.

आता हे वर्कशॉप शोधायचं कुठे? "येथे वर्कशॉप भाड्याने मिळेल" अशी पाटी तुम्हाला आपल्याकडे सहसा दिसणार नाही. सांगलीचा टिंबर एरिया, कुपवाड आणि मिरज एमआयडीसी, साताऱ्याची एमआयडीसी, कराडजवळ तासवडे, या भागांत पायी फिरा. एकदा सकाळी जा, एकदा दुपारी चारनंतर. कोणाची मशीन रिकामी बसते ते दिसेल. पण पहिल्याच भेटीत "मशीन वापरायला देता का?" विचारलंत तर मिस्त्री नाहीच म्हणणार, आणि त्यांचं बरोबरच आहे. आधी दोन-तीन वेळा जॉबवर्क द्या. मापं कागदावर नीट लिहून न्या, पैसे रोख द्या. ओळख झाली की मग बोला : "मिस्त्री, मंगळवार-शुक्रवार दुपारी दोन-दोन तास मी इथे काम करू का? तुमचा माणूस कटरवर उभा राहू दे, त्याचे वेगळे देतो." बहुतेक जागी गाडी इथूनच पुढे जाते.

सगळं स्वतःच्या छपराखाली हवं असा हट्ट असेल तर एकदा मिरजेला जाऊन या. तिथे दीडशे वर्षांहून जास्त काळ सतार आणि तंबोरे बनतात, 2024 मध्ये दोन्हींना जीआय मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दांडी, नक्षी, पॉलिश, तारा चढवणं अशी कामं वेगवेगळ्या हातांत वाटलेली असतात, आणि जवारी लावणारा कान तर वेगळाच. आपल्या हातात कोणतं काम सगळ्यात चांगलं बसलंय हे ओळखून बाकीचं दुसऱ्याकडून करून घेणं, ही पद्धत आपल्या जिल्ह्यात जुनीच आहे. आधुनिक नमुना बघायचा असेल तर पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमाची फॅब लॅब आहे, 2002 पासून.

दुसऱ्याच्या मशीनवर काम करताना सगळ्यात मोठं भांडण होतं खिळ्यावरून. वाई-साताऱ्याकडे जुने वाडे उतरवले की सागवान चांगलं मिळतं, पण आत गंजलेले खिळे असतात. एक खिळा रंध्यात गेला की मालकाची पाती गेली. लाकूड चुंबकाने तपासून, घासून, मगच न्या. प्लाय रंधा मशीनमध्ये घालू नका, त्यातल्या गोंदाने धार मरते. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी हवेतलं लाकूड आणून लगेच डबा केलात आणि तो जतला विकलात, तर तिथल्या कोरड्या हवेत सांधे उघडणारच. आधी वाळू द्या.

आणि बोटं! फिरत्या पात्यासमोर हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की हात ओढला जातो. अंगठी, गळ्यातला टॉवेल, सैल बाही, ओढणी काही नको. लहान तुकडा हाताने ढकलायचा नाही, काठीने. पात्याच्या अगदी सरळ मागे उभं राहू नका, फळी उलटी उडते. चष्मा आणि मास्क स्वतःचे न्या.

हातअवजारंही स्वतःची हवीत : रंधा, पटाशी, गुण्या, करवत. ती मागून आणली की आठवड्यात संबंध बिघडतात. तुम्ही पारंपरिक सुतारकाम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजना (सप्टेंबर 2023 पासून) बघा : अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळते. हाताने काम करत नसाल, फक्त धंदा टाकायचा विचार असेल, तर ही योजना तुमच्यासाठी नाही. दहा-वीस जण मिळून मोठं काही करणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्रात क्लस्टर योजनेतल्या सामाईक सुविधा केंद्राची चौकशी करा. त्याला वेळ लागतो, त्या भरवशावर ऑर्डर घेऊ नका.

मालक कितीही जवळचा असला तरी एक कागद करा. दिवस आणि वेळ, तासाचा दर, वीज त्यात धरली की वेगळी, पातं तुटलं तर खर्च कोणाचा, तुमचं लाकूड कुठे ठेवायचं, इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, आणि बंद करायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. भुसा आणि कटपीस कोणाचे तेही लिहा. हसू नका, त्याचेही पैसे येतात.