धन्याचा दाणा

आपल्या नांदेड-लातूर भागात रोजच्या कालवणाला धने लागतात. लग्नघरी येसूर करतात, त्यातही धने असतात. धनत्रयोदशीला आपण धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. आज या दाण्याची नीट ओळख करून घेऊ.

चार धने तळहातावर घ्या. दाणा गोल आहे. त्यावर उभ्या रेघा आहेत. आपण त्याला बी म्हणतो. पण खरं पाहता ते कोथिंबिरीचं वाळलेलं फळ आहे. त्याच्या पोटात दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी धने हलक्या हातानं रगडावेत. दाणा दुभंगतो, दोन्ही बिया मोकळ्या होतात. फार जोर लावू नये. चुरडलेली बी उगवत नाही. रगडलेलं बी रात्रभर भिजवलं तर लवकर उगवतं.

हिवाळ्यात पेरलं तर सुमारे दीड महिन्यात हिरवी जुडी मिळते. धने हवे असतील तर आणखी दोन महिने थांबावं लागतं.

लातूरची कास्ती कोथिंबीर वासासाठी नावाजलेली आहे. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडचा माल त्या नावानं विकता येत नाही. मातीच्या गुणाला अशी किंमत येते.

धन्याचा वास कशामुळे येतो? दाण्यात वासाचं तेल असतं. अख्ख्या दाण्यात ते साठून राहतं. पूड केली की ते हवेत उडू लागतं. म्हणून आठ-पंधरा दिवसांपुरतीच पूड करावी. धने मंद आचेवर भाजावेत. वास सुटला की उतरवावेत. करपले तर कडू लागतात.

विकतच्या सुट्या पुडीत कधीकधी लाकडाचा भुसा किंवा कोंडा मिसळतात. पैसे जातात आणि पोटही बिघडतं. ती अशी तपासा. पेल्यात पाणी घ्या. वर चिमूटभर पूड टाका. भुसा-कोंडा असेल तर तो वर तरंगतो. त्यापेक्षा अख्खे धने घेतलेले बरे. डोळ्यांनी बघता येतात, नाकानं पारखता येतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पेरणीसाठी पुडीत मिळणाऱ्या बियाला पुष्कळदा विषारी औषध चोळलेलं असतं. पेरून उरलेलं बी मसाल्यात घालू नका. पुडीवर काय छापलं आहे ते आधी वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा.

उन्हाळ्यात धने भिजवलेलं पाणी पितात. ते चांगलंच. पण लेकराला जुलाब लागले तर त्यावर विसंबू नका. मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखान्यात न्या.

सांगा पाहू:
१. एका धन्यात किती बिया असतात?
२. पूड थोडीच का करावी?
३. पेरणीचं उरलेलं बी मसाल्यात का घालू नये?